तिसऱ्या दिवशीचं पाणी

चाळ सोडली त्या सकाळी आईने पाणी भरलं.

टेम्पो खाली उभा होता. गाद्या, कपाट, टीव्ही, भांड्यांची पोती सगळं खाली गेलं होतं. खोलीत उरलं होतं फक्त निळं पिंप, आणि आईने ते काठोकाठ भरून ठेवलं होतं. माझ्या भावाने, सुमीतने, कपाळाला हात लावला. "आई, पिंप न्यायचंय ना? मग भरलंस कशाला?"

"पाणी आलं होतं," आई म्हणाली.

एवढंच. पाणी आलं की भरायचं. आपण आज संध्याकाळी इथे नसणार, हा वेगळा विषय. शेवटी सुमीतने आणि मी ते पिंप मोरीत आडवं केलं. मोरीचं भोक लहान, पाणी जायला वेळ लागला. आम्ही सगळे उभे राहून ते जाताना बघत होतो. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. घर कधी सुटलं असं मला कोणी विचारलं तर मी टेम्पो सांगत नाही, ती मोरी सांगते.

मग बाबांनी खोलीची चावी दिली. ती घेणारा पुनर्विकासाच्या ऑफिसातला पोरगा माझ्याच वयाचा होता, वाईट नव्हता, त्याने "थँक्यू काका" पण म्हटलं. बाबांच्या खिशात आणखी एक चावी होती, शेजारच्या खोलीची. ती त्याने मागितली नाही. त्याच्या हिशोबाने ती खोली केव्हाच रिकामी होती आणि तिला सरकारी कुलूप होतं. बाबांनी ती चावी खिशातच ठेवली आणि जिना उतरले.

हे मी कोणासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. नायगाव, परळ, डिलाईल रोड सोडून जे दिव्याला, नालासोपाऱ्याला, बदलापूरला गेले त्यांच्यासाठी. जे कंटाळून गावी परत गेले त्यांच्यासाठी. आणि जे माझ्यासारखे तिसरीकडेच जाऊन पडलेत त्यांच्यासाठी. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात वर मागणी लिहितात, खाली निषेध, आणि शेवटी 'बहुसंख्येने उपस्थित राहा'. इथे मागणी करायला समोर कोणी नाही. पण राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

शेजारची ती खोली आमच्या गावाची होती. मंडणगड तालुक्यातली आमची बौद्धवाडी. आजोबांच्या पिढीतले लोक गिरण्यांत कामाला आले तेव्हा त्यांना भाड्याने खोली कोण देणार? जात विचारूनच दार उघडायचे. मग वाडीतल्या लोकांनी वर्गणी काढून चाळीत एक खोली घेतली. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, आणि झोपायला पाळी. गिरण्या बंद पडल्या, पण खोली राहिली. माझ्या लहानपणी तिथे परळच्या इस्पितळात दाखवायला आलेले पेशंट असायचे, पोलीस भरतीची पोरं असायची, नोकरी शोधणारे असायचे. बायका आल्या तर आमच्या खोलीत आईजवळ झोपायच्या. बाबा गावाच्या मंडळाचे सेक्रेटरी. दिवसा रे रोडला लाकडाच्या वखारीत काम, आणि घरी आले की शेजारच्या खोलीत कोण आलं, कोण गेलं.

त्या खोलीचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. पहिले दोन दिवस आलेला माणूस पाहुणा. त्याला चहा हातात द्यायचा, त्याची कपबशीसुद्धा उचलू द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा त्याच्या उशाशी हंडा ठेवायचे आणि म्हणायचे, "उठा, पाणी आलं." त्याने नळावर जाऊन पाणी भरलं की तो घरचा. त्यानंतर तो महिनाभर राहो की वर्षभर, कधी जाणार असं त्याला कोणी विचारत नसे. विचारणं पाप होतं.

एकदा दामूकाका आला होता, पोटाच्या आजारासाठी. वाडीतला सगळ्यात भांडखोर माणूस. तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याच्याजवळ हंडा ठेवला नाही, कारण डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती. दामूकाका भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चहा घेईना. बाबांनी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "मी काय पाहुणा आहे का रे? की मेलो असं धरून चाललायस?" बाबांनी त्याला तांब्या दिला. तो तांब्या घेऊन रांगेत उभा राहिला, पुढच्या बाईशी नंबरावरून भांडला, आणि भरलेला तांब्या घेऊन आला. मग चहा घेतला.

अशी ती खोली होती. ती गेली कशी ते ऐका.

पुनर्विकासाच्या सर्वेला माणसं आली. प्रत्येक खोलीत कोण राहतं ते लिहून घेत होती. आमच्या खोलीत चौघं, झालं. शेजारी गेले. भाडेपावतीवर आजोबांचं नाव, ते कधीच वारलेले. त्यांनी बाबांना विचारलं, "इथे कोण राहतं?"

बाबा म्हणाले, "कोणीही."

"म्हणजे?"

"गावातलं कोणीही. येईल तो राहतो."

"कायमचं कोण?"

"कायमचं कोणी नाही. तेच तर," बाबा म्हणाले. मी बाजूला उभी होते. बाबांची छाती फुगली होती. त्यांना वाटत होतं की खोलीबद्दल यापेक्षा मोठी गोष्ट सांगताच येणार नाही.

वरच्या मजल्यावरच्या हुशार लोकांनी पुतण्या, भाचा, मेव्हणा, कोणाला तरी बसवून ठेवलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी भरतीची दोन पोरं होती, तीही धावायला गेली होती. खोलीत कोणी कायमचं राहत नाही, म्हणून खोली अपात्र. मी पत्रक काढलं. कोणीही म्हणजे कोण, असं त्याचं शीर्षक होतं. चाळीच्या गेटवर उभं राहून वाटलं, सह्या घेतल्या, अपील केलं. अपिलात आम्हाला विचारलं, राहणाऱ्यांची नावं द्या. आम्ही वाडीतल्या सगळ्यांची नावं दिली. ती वाचून समोरचे साहेब हसले. माणसं हक्काच्या खोलीत राहत होती, फक्त कोणी एकटा माणूस हक्क सांगत नव्हता, आणि असल्या हक्काला तिथे रकानाच नाही. राग येतो तो याचा.

बाबा गावी गेले, वाडीची बैठक बोलावली आणि उभं राहून सांगितलं की खोली माझ्या तोंडाने गेली. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाळ सुटल्यावर सुमीत बायकोला घेऊन बदलापूरला सासऱ्यांच्या शेजारी राहायला गेला. आई-बाबा गावी गेले. मी भोपाळला आले. वस्त्या हटवण्याच्या विरोधात काम करणाऱ्या एका मोहिमेत मला नोकरी लागली. दोन मुलींबरोबर भाड्याची खोली, खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात. इथे सगळं हिंदीत. आधी मला 'बंबईवाली मॅडम' म्हणायचे, आता फक्त मॅडम. 'मैं आ रही हूँ' म्हणताना मी मनात आधी मराठीत येते आणि मग हिंदीत. काम फिरतीचं आहे. आज जयपूर, उद्या नागपूर, परवा रायपूर. मोहिमेकडे लॉजचे पैसे नसतात. तेव्हा खोलीतल्या एका मुलीने मला ती साईट दाखवली, ज्यावर लोक प्रवाशांना आपल्या घरी फुकट ठेवून घेतात. एक सोफा, एखादी गादी. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. नंतर एकमेकांबद्दल दोन शब्द लिहायचे.

मला हसू आलं. म्हटलं, अरे, ही तर आमची खोली.

तशी ती नव्हती. मी अनेक घरांत राहिले. बहुतेक माणसं खरंच चांगली होती, हे आधी लिहिते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल हिला उपकाराची जाण नाही. एका शहरात मात्र पूर्ण नाव कळवल्यावर तासाभरात निरोप आला की घरी अचानक नातेवाईक आलेत. नातेवाईक आले असतीलही. पण मी आडनाव घेऊन वाढले आहे, अचानक येणारे असे नातेवाईक मी ओळखते.

बाकीच्यांचं सांगते. तिथे फुकट झोपायला मिळतं, पण तुम्ही रंजक असावं लागतं. संध्याकाळी ते आपला वेळ काढून बसतात, प्रेमाने खाऊ घालतात आणि विचारतात, "और बताइए?" मग मी चाळीच्या गोष्टी सांगायचे. दामूकाकाचा तांब्या मी चार राज्यांत सांगितलाय. लोक पोट धरून हसायचे. मी पण हसायचे. मग गादीवर पडल्यावर वाटायचं, आज मी दामूकाका देऊन झोपले. आमच्या खोलीत कोणाला रंजक असावं लागत नव्हतं. लोक येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि ते चालायचं.

आणि कप उचलू द्यायचे नाहीत. "अरे नहीं नहीं, आप तो मेहमान हैं." दुसऱ्या दिवशीही मेहमान, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसाच्या पुढे सहसा कोणी ठेवत नाही, तो तिथला रिवाज आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण माझ्या डोक्यात वेगळं घड्याळ होतं. जिथून माणूस घरचा व्हायला सुरुवात होते, नेमकी तिथेच मी बॅगेची चेन लावत होते. प्रत्येक वेळी. गावागणिक.

मग एक दिवस चाळीच्या कमिटीतून फोन आला की नायगावच्या नव्या इमारतीच्या चाव्या मिळणार आहेत. आम्हाला सतरावा मजला. येत्या रविवारी ज्याच्या नावावर खोली त्याने स्वतः येऊन चावी घ्यायची.

बाबा म्हणाले, "मी नाही येत."

आईने फोन हिसकावून घेतला. "तू जा आणि बघून ये. आणि यांना सांग काय ते. माझं ऐकत नाहीत."

मी गुरुवारी मुंबईत उतरले. आता प्रश्न असा की उतरायचं कुठे? सुमीतकडे बदलापूरला गेले असते तर जाण्यायेण्यातच दिवस संपला असता. मैत्रिणी विरार, दिवा, कल्याण. नव्या इमारतीत अजून कोणी राहायला आलं नव्हतं. माझा जन्म जिथला, शाळा जिथली, जिथल्या प्रत्येक खांबावर मी पत्रक चिकटवलंय, तिथे पाठ टेकायला माझ्या ओळखीचं एक घर नव्हतं. मी साईट उघडली आणि मुंबई टाकलं. डिलाईल रोडच्या मागे, जिथे गिरणी होती, तिथल्या टॉवरमध्ये एका बाईंनी हो म्हटलं. त्यांनी आपल्याबद्दल लिहिलं होतं की जुन्या गिरणगावाची ओळख करून देईन. मी माझं गाव भोपाळ लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते.

शुभदाताई साठीच्या पुढच्या. नवरा वारलेला, मुलगा कॅनडात. दार उघडताच मी मराठीत बोलले तर त्या दारातच उभ्या राहिल्या.

"अगं, मराठी? मी भोपाळची म्हणून सकाळपासून हिंदी घोटतेय. 'आपका स्वागत है' पर्यंत आले होते."

"म्हणा की," मी म्हटलं.

"आता काय म्हणू, मजा गेली. ये आत."

बाई गोड होत्या, हे कबूल. बोलायला माणूस हवं म्हणून पाहुणे ठेवायच्या, हेही दिसत होतं. संध्याकाळी मला फिरायला घेऊन गेल्या. गिरणीची चिमणी दाखवली. इथे भोंगा व्हायचा म्हणाल्या. मी "हो का?" म्हटलं. ज्या पुलाखाली मी उपाशीपोटी धरणं धरलं होतं तो पूल दाखवला. मी "हो का?" म्हटलं. मग म्हणाल्या, "काय प्रेमाने राहायची गं माणसं चाळीत. दारं कायम उघडी."

माझ्या जिभेवर आलं होतं की दारं उघडी असायची कारण बंद केली तर आत जीव घुसमटायचा. गिळलं. पाहुण्याला वाद घालता येत नाही. माझ्या रस्त्यावरून मला पर्यटक म्हणून फिरवलं जात होतं आणि मी मान डोलावत होते. एका वळणावर आमच्या जुन्या वाण्याने मला बघितलं. ओळखलं नाही. की ओळखलं आणि टॉवरवाल्या बाईंबरोबर बघून गप्प बसला, ते कळलं नाही.

शुक्रवारी नायगावला गेले. कमिटीतला विशाल गेटवर होता. आम्ही दोघांनी मिळून इतकी पत्रकं वाटलीत की त्याच्या बोटांना अजून शाई असेल.

"जयभीम मॅडम. बघ, तू विरोध करून करून शेवटी बिल्डिंग उभी राहिलीच."

"मी विरोध बिल्डिंगला केला नव्हता, करारातल्या कलमांना केला होता."

"हां, तेच ते. लिफ्टमध्ये चल, कलमं वर सांग."

सतराव्या मजल्यावरची खोली चांगली आहे. मी टीकेची सवय असलेली मुलगी आहे, तरी लिहिते, चांगली आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत संडास. ज्या बाईने आयुष्यभर मजल्याच्या टोकाच्या संडासाबाहेर डबा घेऊन उभं राहून गुडघे घालवले, तिच्यासाठी हे काय आहे ते मला कोणी शिकवू नये. खिडकीतून रे रोडच्या बाजूचे पत्रे दिसतात, त्यामागे बंदराच्या क्रेन. बाबांची वखार त्यातच कुठेतरी. मी नळ सोडला. पाणी आलं. दुपारी. मी घाईने बंद केला, कोणी ओरडेल म्हणून.

विशाल हसला. "सोड सोड. चोवीस तास आहे."

बाहेर आले तर लांब पॅसेज, समोरासमोर बंद दारं. आमच्या दाराच्या शेजारी भिंत.

"काकांना सांग, रविवारी स्वतः यायला लागेल," विशाल म्हणाला. "नाही आले तर नाव मागे जाईल. आणि मागे गेलेलं नाव पुढे काढायला पुन्हा पत्रक तुलाच लिहावं लागेल."

मी पॅसेजमधूनच बाबांना फोन लावला.

"बघितलंस?"

"बघितलं. चांगली आहे."

"मग तुम्ही राहा. सुमीतला बोलव." मग म्हणाले, "आपल्या दाराच्या शेजारी काय आहे?"

"भिंत."

"मग त्या दारातून मी कसा जाऊ? वाडीची खोली माझ्या तोंडाने गेली, आणि माझी मात्र मी घेऊन बसू?"

मागून आईचा आवाज आला, मग फोन तिच्याकडे गेला. आई दारामागे जाऊन हळू बोलत होती. "इथे सगळे चांगले आहेत गं. भाजी आणून देतात. पण मी इथे पाहुणीच आहे. लग्न होऊन चार दिवसांत मुंबईला आले, ती आत्ता परत आलेय. इथल्या बायका मला पाणी भरू देत नाहीत. म्हणतात, मुंबईची आहे, राहू दे."

मी पॅसेजमध्ये खाली बसले. विशाल दुसरीकडे बघत राहिला.

शनिवारी मला संध्याकाळची गाडी होती. म्हणजे शनिवारची पहाट ही माझी शुभदाताईंकडची तिसऱ्या दिवसाची पहाट. काय झालं ते नीट सांगते, कारण ते मी ठरवून केलं नाही. झोपेत कुठेतरी पाइपातून पाणी चढल्याचा आवाज आला. माझे पाय जमिनीवर लागले तेव्हा मी पूर्ण जागी नव्हते. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि भरायला लागले. कळशी नव्हती, म्हणून पातेली घेतली. पातेली संपली, कुकर भरला. डबे, जग, शोभेचा तांब्या, बाथरूममधल्या दोन्ही बादल्या. ओट्यावर जागा संपली तेव्हा खाली लादीवर रांग लावली. कढई भरताना मी जागी झाले. चोवीस तास पाण्याच्या टॉवरमध्ये मी एका परक्या बाईचं सगळं घर पाण्याने भरून ठेवलं होतं.

शुभदाताई दारात उभ्या होत्या.

"हे काय गं?"

"पाणी भरलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्या रांगेकडे बघत राहिल्या. मग स्टूल ओढून बसल्या. "कुठली चाळ तुझी?"

"नायगाव."

"आणि मी परवापासून तुला चिमणी दाखवतेय. सांगायचं नाही?"

"तुम्ही छान दाखवत होता."

"गप. मी गिरगावातली, चाळीतच वाढले. आमची आई मोरीतलं पिंप आधी भरायची, मग पिण्याचं. तू उलटं केलंस. नायगावात उलटं होतं का?" मग थोडं थांबून, पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या चाळीत तुमच्यातलं कोणी नव्हतं."

आडनाव त्यांनी पहिल्या दिवशीच वाचलं होतं. बोलायला तिसरा दिवस उजाडावा लागला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर नायगाव."

मी त्यांना बरं वाटावं म्हणून काही बोलले नाही. तेवढं मला येत नाही, आणि यावं असंही वाटत नाही. मग त्यांनी फ्रिज उघडला, मेथीची मोठी जुडी काढली आणि माझ्यासमोर टाकली.

"उठलीच आहेस तर निवड. आणि देठ जास्त ठेवू नकोस, मला कडू लागतं."

मी लादीवर बसले, भरलेल्या भांड्यांच्या रांगेशेजारी, आणि मेथी निवडायला लागले. इतक्या शहरांत, इतक्या घरांत, इतक्या गाद्यांवर झोपून, मला पहिल्यांदा कोणी काम सांगितलं होतं. मेथीला माती लागलेली होती. एकेक पान खुडताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं. शुभदाताईंनी बघितलं असेल. त्या भरलेल्या पातेल्यांतलंच एक उचलून चहा टाकत होत्या.

चहा झाल्यावर मी बाबांना फोन केला.

"बाबा, सर्वेवाल्याने विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं?"

"आता कशाला ते?"

"सांगा ना."

"कोणीही राहतं म्हटलं."

"खोटं होतं?"

"खोटं कशाला असेल?"

"मग तुमच्या तोंडाने काही गेलं नाही. तुम्ही खरं सांगितलं, त्यांना ते लिहिता आलं नाही. आता ही घ्या. वाडीची एक गादी त्यात टाका. परत कोणी विचारायला आलं तर परत तेच सांगा. या वेळी पावतीवर तुमचं नाव आहे, कोणाच्या बापाला काढता येणार नाही."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"नळाला पाणी किती वाजता येतं?" त्यांनी विचारलं.

"चोवीस तास."

"मग तिसऱ्या दिवशी माणसाला काम काय द्यायचं?"

मागे आई कोणाला तरी ओरडून विचारत होती, आजची एसटी गेली का, का आहे अजून.

मी संध्याकाळच्या गाडीने भोपाळला निघाले तेव्हा ते दोघं मंडणगडहून निघाले होते. आमची भेट झाली नाही. रविवारी विशालने फोटो पाठवला. बाबा चावी हातात घेऊन उभे आहेत आणि कॅमेऱ्याकडे न बघता शेजारच्या भिंतीकडे बघताहेत.

मध्ये मी एकदा नव्या घरी जाऊन आले. दोनच दिवसांची रजा मिळाली. आईने मला कप उचलू दिला नाही. "राहू दे, दमून आलीस," म्हणाली. मी म्हटलं, आई, मी आहे. म्हणाली, हो गं, माहीत आहे, बस. पुढच्या खोलीत दामूकाका होता, तपासणीसाठी आलेला, आता म्हातारा झालाय पण तोंड तेच. मी भोपाळहून आले म्हणून माझ्याशी हिंदीत बोलला, मुद्दाम. "बैठिए बैठिए. आप तो मेहमान हैं." त्याला येऊन आठवडा झाला होता. तो घरचा होता. मी नव्हते.

घर म्हणजे काय, यावर मी पूर्वी पत्रकं लिहिलीत. क्षेत्रफळ, मालकी हक्क, देखभालीचा कॉर्पस फंड. ते सगळं खरं आहे आणि त्यासाठी मी उद्याही गेटवर उभी राहीन. पण तुम्ही जे लांब गेलात, आणि दोन दिवसांची रजा काढून आई-बापाकडे जाता, तुम्हाला मी काय म्हणतेय ते कळेल. आपल्याला गोडधोड मिळतं, नवी चादर मिळते. काम कोणी सांगत नाही.

निघताना बाबा लिफ्टपर्यंत आले. "एक दिवस जास्त काढायचा होतास," म्हणाले. लिफ्टचं दार लागत होतं.

पुढच्या वेळी मी चार दिवसांची रजा मागितली आहे. अजून मंजूर नाही. नळ चोवीस तास आहे, मोरीत निळं पिंप नाही, पाणी साठवायची कोणाला गरज नाही. तरी हंडा त्यांनी गावाहून परत आणलाय. स्वयंपाकघराच्या दाराशी असतो, पालथा. मी बघून आलेय.